दर्यापूरचा ठोकळा आणि बाल्टिमोरची जाळी

दर्यापुरात दर्या नाही. वऱ्हाडच्या इमादशाहीत दर्या इमादशाह नावाचा एक सुलतान सोळाव्या शतकात होऊन गेला, आणि गावाचे नाव त्याच्या नावाशी जुळते, एवढे खरे. पाणी म्हणाल तर गावाला वळसा घालणारी चंद्रभागा आहे. पण पंढरपूरच्या चंद्रभागेची आठवण मनात ठेवून कोणी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात इथे आलाच, तर वाळूला नमस्कार करून त्याला परतावे लागेल. बाकी सगळा पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा. जमीन काळी, खोल आणि चिवट. विहीर खणावी तर पाणी खारे, जनावरेसुद्धा तोंड वेडावतात. हाच चिखल पावसाळ्याची ओल पोटात धरून ठेवतो, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात हरभरा असा येतो की पाहत राहावे. खाऱ्या पाण्याच्या मुलखात दाणा गोड, हा वऱ्हाडचा स्वभावच आहे.

अमरावतीहून येताना वलगाव लागते. तिथल्या पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. मोटारी तिथून भरधाव जातात. आमच्या वयाची माणसे मात्र अजून खिडकीतून हात जोडतात. पूर्वी मूर्तिजापूरहून आगगाडीने येण्यात वेगळी मौज होती. मूर्तिजापूर–अचलपूर ही अडीच फुटी रुळांची लाइन १९१३ साली सुरू झाली. तिचे लाडके नाव शकुंतला. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, मग डिझेल आले, आणि आता ती गाडीच थांबली आहे. दर्यापूरचे स्टेशन बनोसा या नावाचे, कारण दर्यापूर आणि बनोसा ही जुळी गावे. शकुंतलेतून उतरून शेतातला ऊस मोडून घ्यावा आणि पुन्हा गाडी पकडावी, अशा गप्पा इथे अजून रंगतात. वऱ्हाडात ऊस किती, हे विचारण्याचा अरसिकपणा मात्र कोणी करू नये!

माझी थोरली बहीण बनोशात राहते. गेल्या जूनमध्ये तिच्याकडे महिनाभर मुक्काम होता, आणि त्याच वेळी तिचा नातू अमेरिकेहून आला. वय चौदा. बाल्टिमोरच्या बाजूचा राहणारा. मराठी समजते सगळे, बोलतो तोलून मापून. बॅगेतून त्याने एक काठी काढली. चाळीस-बेचाळीस इंच लांब, धातूची, आणि टोकाला प्लास्टिकची चौकट व तीत विणलेली जाळी. बहीण म्हणाली, "एवढ्या लांबून आंबे उतरवायचा झेला कशाला आणला रे बापा? इथं का मिळत नाही?"

तो झेला नव्हता. लॅक्रॉसची काठी होती. हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा. होडेनोशोनी लोक हिकरी नावाच्या चिवट लाकडाला वाफ देऊन त्याचे टोक वाकवत, महिनोन् महिने वाळवत आणि मग चामड्याची जाळी विणत. फ्रेंचांनी या आकड्यासारख्या काठीवरून खेळाला लॅक्रॉस म्हटले. माँट्रियलच्या विल्यम जॉर्ज बीअर्स नावाच्या दंतवैद्याने १८६७ साली त्याचे नियम बांधले. १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये त्याला पदके होती. आता २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला तो पुन्हा यायचा आहे. १९७० च्या सुमारास बाल्टिमोरच्याच एका कारखान्याने प्लास्टिकचे डोके काढले, आणि हिकरीची सद्दी संपली. डोके म्हणजे ती चौकट. ते दांड्यावरून काढता येते, बदलता येते, आणि तिथेच सगळी भानगड आहे.

पोराची अडचण अशी, की तो नवव्या इयत्तेत हायस्कुलात जायचा होता. तिथे संघाची निवड मार्चमध्ये. मैदानावर दहा गडी: तीन चढाईचे, तीन मधले, तीन बचावाचे आणि एक गोलरक्षक. हा चढाईचा. पण अंगाने किरकोळ, आणि बरोबरीची मुले वर्षात हातभर वाढलेली. चढाईच्या तीन जागांतून बाहेर पडलो तर खेळच सुटेल, ही धास्ती त्याने तिसऱ्या दिवशी, गच्चीवर अंथरुणे घालताना, मला सांगितली. वडिलांनी फोनवर सांगितले होते, सर्वांत महागडे डोके घे. त्याने दोन बरोबर आणली होती. एक खालच्या वर्गातले जुने, रुंद. दुसरे नवे, अरुंद, नामांकित गडी वापरतात तसले. ठेवायचे कोणते, की तिसरेच घ्यायचे?

अरुंद डोक्याचा गुण असा, की खाली गळ्याकडे बाजू जवळ येतात, चेंडू एका चरीत बसतो. पळताना कोणी काठीवर काठी हाणली तरी तो सहज उडत नाही, आणि फेकताना दर वेळी त्याच वाटेने सुटतो, म्हणून नेम बसतो. गोल सहा फूट लांब-रुंद. तिथे वीतभर फरक पुष्कळ झाला. पण झेलायला तोंड लहान. रुंद डोक्यात झेल सोपा, जमिनीवरचा चेंडू उचलणे सोपे, पण आत चेंडू इकडून तिकडे हिंदकळतो. शाळांच्या सामन्यांत डोके सर्वांत रुंद ठिकाणी सहा इंचांपेक्षा कमी चालत नाही, म्हणून "अरुंद" म्हणजे खालच्या अंगाला अरुंद, हे ध्यानात ठेवावे. शिवाय वजन, ताठपणा, पुढच्या कडेचा उतार, जाळीची खोली. जाळी फार खोल सोडली तर पंच काठीच बाद करतो.

हे सगळे पोराने मला वहीत काढून दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी भलतेच घडले. नवे डोके त्याने अंगणातल्या टिनावर ठेवले आणि तो जेवायला बसला. मृग लागला होता, पण पावसाचा थेंब नाही. वऱ्हाडातल्या टिनावर दुपारी पापडसुद्धा भाजून निघेल. प्लास्टिक मऊ पडले, दोन्ही बाजू आत आल्या, आणि चेंडू असा अडकला की काठी आपटली तरी सुटेना. पोराचा चेहरा पाहवेना.

बहिणीने गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावले. वय पंचाहत्तरीच्या पुढे. हयात बैलगाड्या, वखर, डवरे आणि तिफणी घडवण्यात गेली. आता ट्रॅक्टर आले, मिस्त्री खाटांचे पाय बसवतात आणि कुऱ्हाडींना दांडे. त्यांनी काठी दोन बोटांवर तोलली, डोके नखाने वाजवून पाहिले.

"बाबू, मले एक सांग. तू याच्यानं मारतं का धरतं?"

पोर गोंधळले. म्हणाले, "मी अटॅक खेळतो. मारतो."

"मारतं बराबर हाय. पन चेंडू तुह्याजवळ येते कसा? घरून घेऊन जातं काय?"

बाल्टिमोरच्या प्रशिक्षकाने हा प्रश्न विचारला असेल-नसेल. पण सगळी मेख तिथे आहे. चढाईच्या गड्याला दहापैकी नऊ वेळा चेंडू दुसऱ्याकडून, अवघड जागी, अंगावर माणूस असताना मिळतो. तो सुटला तर नेम कितीही चांगला असो, काय कामाचा? दुकानदार आणि जाहिराती डोके विकतात ते गोल मारण्याच्या नावावर. झेलण्याचे नाव काढीत नाहीत.

मिस्त्रींनी बाभळीचा एक ठोकळा तासला, बरोबर त्या चौकटीत बसेल असा, वर रुंद, खाली निमुळता. डोके बंबातल्या कढत पाण्यात बुडवले, मऊ झाल्यावर ठोकळा आत दाबला, सुतळी आवळली आणि माठाखालच्या गार वाळूत रात्रभर ठेवून दिले. चांभाराकडे जोड्याचा कालबूत असतो, त्यातलाच प्रकार. मी त्यांना हिकरीला वाफ देऊन वाकवणाऱ्या लोकांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "आमी वाकवत नाही भाऊ. वाकडं लाकूड झाडावरच हेरून ठेवतो." सकाळी डोके जवळजवळ मूळ आकारावर आले होते. जवळजवळच.

मग आठ दिवस दोन्ही डोक्यांची परीक्षा झाली. गल्लीतली पोरे गिल्ली-दांडू आणि क्रिकेट सोडून या कामाला लागली. त्यांनी रबरी चेंडू हवा तसा फेकायचा, उंच, पायाशी, उलट्या हाताला, याने झेलायचा. मिस्त्रींची नात कोळशाने भिंतीवर रेघा ओढी, आणि फुकटचा झेल एकही मोजत नसे. गोल म्हणून बाजली उभी केली होती. रुंद डोक्यात झेल बरेच जास्त. नेमात अरुंद पुढे, पण पोराला वाटत होते तितके नव्हे. आणखी एक गोष्ट रेघांनी दाखवली: अरुंदाचे सुटलेले झेल बहुतेक उलट्या बाजूचे होते. म्हणजे थोडा दोष डोक्याचा, थोडा मनगटाचा. मनगट बाजारात मिळत नाही.

शेवटी त्याने मधले घ्यायचे ठरवले. वरचे तोंड मोकळे, गळा मध्यम, पुढची कड जमिनीला सपाट टेकणारी, वजनाला हलके. फार ताठ नको, कारण ताठपणाची खरी गरज काठीवर काठी हाणणाऱ्या बचाववाल्याला. जाळी उथळ, चेंडू लवकर सुटावा, कारण अंगाने लहान गड्याने चेंडू घेऊन फार वेळ उभे राहू नये, हे त्याचे त्यालाच सुचले. किंमत महागड्या डोक्याच्या निम्मी. वडील फोनवर थोडे नाराज झाले. परदेशी गेलेल्या आपल्या लोकांना मुलासाठी स्वस्त वस्तू घेतली की काहीतरी चुकल्यासारखे वाटते. त्यांना दोष देत नाही.

जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही लासूरला आनंदेश्वराच्या देवळात गेलो. यादवांच्या काळचे काळ्या दगडाचे देऊळ, पाहण्यासारखे आहे. पण पोराचे लक्ष खांबांकडे कमी आणि मोकळ्या पटांगणाकडे जास्त. परतताना पहिला पाऊस लागला. काळ्या मातीचा चिखल चपलांना शेर-शेर चिकटला, आणि पोराने चपला हातात घेतल्या.

ठोकळा तो बरोबर घेऊन गेला. बाल्टिमोरच्या विमानतळावर तपासनिसाने तो उलटसुलट करून पाहिला म्हणे, आणि हे काय म्हणून विचारले. पोराने सांगितले, सुताराने दिलेले माप आहे. परवा फोन होता. नवे डोके आले आहे, रोज संध्याकाळी भिंतीवर चेंडू मारून शंभर झेल डाव्या हाताने घेतो. निवड मार्चमध्ये. मिस्त्री अधूनमधून बहिणीला विचारतात, "मार्च म्हन्जे होळीच्या आंदी का मंग?"