वानखेडेच्या वाटेवर गाडीचा ठाव

मुंबईच्या वानखेडे स्टेडियमभोवती फिरताना प्रथम जाणवते ती जागेची चणचण. पूर्वेला पश्चिम रेल्वेचे रूळ, पश्चिमेला इमारतींच्या रांगांपलीकडे मरीन ड्राइव्ह आणि समुद्र, दक्षिणेला चर्चगेट, उत्तरेला मरीन लाइन्स. या चिंचोळ्या पट्टीत सुमारे ३३ हजार प्रेक्षकांचे मैदान बसविले आहे. प्रेक्षक मावतात, त्यांच्या मोटारी मावत नाहीत. सामन्याच्या दिवशी येथे गाडीला जागा शोधणाऱ्याची जी दमछाक होते, तिचे मूळ या भूगोलात आहे.

त्यात इतिहासाचीही भर आहे. येथून हाकेच्या अंतरावर १९३७ पासून ब्रेबॉर्न स्टेडियम उभे होते. तेथील आसनांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र मैदानाचा ध्यास घेतला, १९७४ मध्ये ते उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली. त्या काळचा प्रेक्षक बहुतांशी लोकलने येई. पुढे २०११ च्या विश्वचषकासाठी स्टेडियमची पुनर्बांधणी झाली, आसने प्रशस्त झाली, वर नवे छत आले. बाहेरचे रस्ते मात्र होते तेवढेच राहिले.

मरीन ड्राइव्हवरून आत शिरणारे सी, डी, ई, एफ, जी हे रस्ते पाहिले की हे अधिक उमगते. समुद्रात भराव घालून केलेल्या या जमिनीवर १९३० आणि १९४० च्या दशकांत गोलाकार सज्ज्यांच्या देखण्या इमारती उभ्या राहिल्या. आर्ट डेको शैलीच्या या वस्तीला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. पण ती वसली तेव्हा घरोघरी मोटार नव्हती. आज रहिवाशांच्या स्वतःच्या गाड्याच पदपथाला लागून उभ्या असतात. म्हणूनच मोठ्या सामन्यापूर्वी वाहतूक पोलीस या गल्ल्यांसह नेताजी सुभाष मार्ग, वीर नरिमन मार्ग आणि दिनशा वाच्छा मार्गावर गाडी उभी करण्यास मनाई करतात आणि प्रेक्षकांना रेल्वेने येण्यास सांगतात. ‘पाच मिनिटांसाठी’ म्हणून ठेवलेली गाडी टोइंग व्हॅन उचलून नेते. दंड भरता येतो. परंतु अशा गाडीमुळे एखाद्या इमारतीचे फाटक अडले आणि वरच्या मजल्यावरील आजारी वृद्धापर्यंत रुग्णवाहिका पोहोचली नाही, तर त्याची भरपाई कशानेही होत नाही.

सागरी किनारा मार्गाने नवा मोह निर्माण केला आहे. वरळीहून बोगद्यातून मोटार काही मिनिटांत मरीन ड्राइव्हवर उतरते, आणि मग त्याच रस्त्यावर दोन-तीन फेऱ्या मारण्यात नाणेफेक होऊन जाते. येणे सुलभ झाले, थांबणे नव्हे.

या परिसराची नाडी ओळखणारे लोक म्हणूनच गाडीचा विचार स्टेडियमपाशी न करता घरापाशी करतात. काळबादेवी, झवेरी बाजार, भुलेश्वर येथे पेढी असणाऱ्यांची गाडी रोजच्या ठिकाणीच राहू द्यावी. तेथून मरीन लाइन्समार्गे पायी जाता येते. वाळकेश्वर-गिरगावच्या कुटुंबांना चौपाटीपासूनचा समुद्रकाठचा पदपथ आहे. बोरिवली-मालाडकरांना थेट चर्चगेटची लोकल आहे. घाटकोपर-मुलुंडहून येणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून भुयारी मेट्रो धरली, तर हुतात्मा चौकानंतरचे स्थानक चर्चगेटच. मेट्रोची ही सोय ऑक्टोबर २०२५ पासून झाली आहे.

संध्याकाळचे जेवण लवकर उरकणाऱ्या घरांना तर हा क्रम सोयीचाच पडतो. आयपीएलचा रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो. सहाच्या सुमारास जेवून निघालेले कुटुंब घाई न करता आसनावर पोहोचते. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक आत नेऊ देत नाहीत. त्या ‘गाडीत ठेवू’ हा आधार नसल्याने घरीच ठेवून निघावे. ज्यांना फार चालवत नाही, अशा आजी-आजोबांसाठी टॅक्सी करून पोलीस सोडतील तेथवर जावे. चालक गाडी घेऊन परत फिरतो आणि जागेचा प्रश्नच उरत नाही.

खरी कसोटी सामना संपल्यावर असते. अकरानंतर हजारो माणसे एकदम बाहेर पडतात. तेव्हा गर्दीत अडकलेली मोटार सर्वांत शेवटी घरी पोहोचते. मेट्रो त्या वेळी बंद झालेली असू शकते, पण शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर सुटते. मुले बरोबर असल्यास पहिल्या लोंढ्यात शिरण्यापेक्षा थोडा वेळ समुद्राच्या कट्ट्यावर बसावे. भरती असेल तर लाटांचा आवाज येत असतो, स्थानकाकडची गर्दी हळूहळू विरळ होते, आणि आतील गल्ल्यांतील घरांचे दिवे एकेक करून मालवू लागतात. त्या घरांची झोप आपल्या हॉर्नने मोडत नाही, याचे समाधान घेऊन लोकल पकडावी.