केडगावची मराठी आणि कादंबरीतले अवतरणचिन्ह

थ्रेड 🧵 : वसाहतीच्या सावलीतून बाहेर पडलेल्या समाजाने कादंबरी कोणत्या भाषेत लिहावी, हा प्रश्न निघाला की बहुधा आफ्रिकेची उदाहरणे दिली जातात. या प्रश्नाचे एक जुने उत्तर दौंड तालुक्यातील केडगावात, स्वातंत्र्याच्या पाव शतक आधी सिद्ध झाले होते. ते देणारी स्त्री कादंबरीकार नव्हती.

१/ प्रथम परिचित वाद. चिनुआ अचेबे यांनी ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) इंग्रजीत लिहिली, पण त्या इंग्रजीला इग्बो म्हणींचे वळण दिले. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी उलट मार्ग धरला. १९७८ मध्ये तुरुंगात, शौचालयाच्या कागदावर, त्यांनी गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली. ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली.

२/ मराठीपुढचा पेच निराळा होता. येथील कादंबरी आरंभापासून मराठीतच होती. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. मात्र ‘शुद्ध’ म्हणून जी छापील मराठी रूढ झाली, ती कंपनी सरकारच्या शिक्षणखात्याच्या देखरेखीखाली घडली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. कोशात मोल्सवर्थना साहाय्य करणारे मेजर कँडी पुढे पाठ्यपुस्तकांची मराठी तपासू लागले. पुण्याच्या शिष्टवर्गाची बोली प्रमाण ठरली.

३/ इंग्रजी वळणाची विरामचिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेयही कँडी यांनाच दिले जाते. त्यांतले एक चिन्ह येथे महत्त्वाचे आहे : अवतरणचिन्ह. कथेतला कुणबी त्या दोन खुणांच्या आत आपल्या बोलीत बोलू लागला. खुणांबाहेरचे निवेदन, म्हणजे जग कसे आहे हे सांगण्याचा अधिकार, प्रमाण मराठीकडे राहिला.

४/ लेखी आणि बोलती मराठी यांतल्या या अंतराची किंमत घोड आणि भीमेच्या खोऱ्यात जमिनीने मोजावी लागे. सावकाराच्या कर्जरोख्यातला मजकूर निरक्षर शेतकऱ्याला वाचता येत नसे; सहीच्या जागी तो नांगराची निशाणी करी. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याला दंगा उसळला आणि शिरूरसह आसपासच्या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. रोखे हिसकावून जाळले गेले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याला असे दस्त सरकारी निबंधकासमोर करण्याची तरतूद करावी लागली.

५/ याच मुलखात दोन दशकांनी पंडिता रमाबाई आल्या. संस्कृत विद्वत्तेबद्दल कलकत्त्याने १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) हे त्यांचे पहिले मराठी पुस्तक त्या पदवीला शोभेल अशा संस्कृतप्रचुर भाषेत आहे. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ निघाले. ते अमेरिकी वाचकांसाठी, म्हणून इंग्रजीत. १८८९ मध्ये आलेले अमेरिकेचे प्रवासवृत्त पुन्हा मराठीत. सात वर्षांत तीन वाचकवर्ग आणि तीन शैली.

६/ केडगावात चौथा वाचकवर्ग भेटला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या मुली व विधवा ‘मुक्ति सदना’त राहू लागल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकींची घरची भाषाही मराठी नव्हती. पंडितांची मराठी त्यांच्या कानांना परकीच होती. मिशनऱ्यांचे मराठी बायबलही त्याहून फारसे जवळचे नव्हते.

७/ रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे नवे भाषांतर हाती घेतले. कसोटी एकच होती : खेड्यातल्या बाईला ते ऐकताच कळावे. संस्कृत शब्द ज्यांच्या जिभेवर होते, त्यांनी ते जाणूनबुजून दूर ठेवले. सदनाच्या छापखान्यात आश्रमातल्या स्त्रियाच काम करीत. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

८/ या उद्योगामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे झाकण्याचे कारण नाही. ग्रंथ सर्वत्र रूढही झाला नाही. पण शैलीच्या इतिहासात त्याचे मोल वेगळे आहे. येथे साधी भाषा केवळ पात्रांच्या तोंडी घातलेली नाही. निवेदनही त्याच भाषेत आहे. अवतरणचिन्हाचे कुंपण ओलांडले गेले ते असे.

९/ स्वातंत्र्यानंतर कादंबरी याच कुंपणाशी येऊन भिडली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) माणदेशी धनगरांची बोली आणते, पण गोष्ट सांगतो तो शाळामास्तर. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ने (१९५९) मांग समाजातला नायक कादंबरीच्या मध्यभागी उभा केला. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) वऱ्हाडी संवाद इतके जोमदार आहेत की निवेदनालाही त्यांची ऊब लागते.

१०/ मग भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३). खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर आपली कथा आपल्याच बोलण्याच्या लयीत सांगतो. प्रमाणभाषेच्या राजधानीत राहून तो तिची पोकळ भारदस्त वळणे वापरून वापरून हास्यास्पद करतो. नेमाड्यांनी पुढे मांडलेल्या देशीवादाची बीजे या निवेदनात दिसतात.

११/ केडगाव आणि ‘कोसला’ यांत थेट नाते जोडण्याला आधार नाही आणि त्याची गरजही नाही. दोन्हीकडे विचारलेला प्रश्न एक आहे : सांगणारा कोणाच्या भाषेत सांगतो? अचेबे-न्गुगी वादात इंग्रजी की स्वभाषा एवढेच दोन पक्ष दिसतात. मराठीचा अनुभव तिसरी गोष्ट दाखवतो. स्वभाषेच्या आतही एक दरबारी भाषा असते आणि तिच्याबाहेर उभे असलेले लोक असतात.

१२/ म्हणून पुढची ग्रामीण कादंबरी हाती घेताना बोलीतले शब्द मोजण्याआधी एक पाहावे. अवतरणचिन्ह मिटल्यावर भाषा बदलते का? बदलत असेल, तर नांगराची निशाणी करणाऱ्याच्या हाती लेखणी अजून पोचलेली नाही.