कोळशाच्या बोटीवरचा नाताळ

दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्‌स बेला कोळसा भरून मुंद्र्याकडे निघालो, की डिसेंबरात नाताळ गाठतो तो विषुववृत्ताच्या आसपास. इंजिनरूममध्ये पारा ४५ अंशांवर, अंगातला बॉयलर सूट पिळून काढावा असा. १४९७च्या नाताळात वास्को द गामा याच किनाऱ्यानं वर सरकला आणि किनाऱ्याला सणाचं नाव देऊन हिंदुस्थानाकडे आला. २४ डिसेंबर १७७७ला कॅप्टन कुकला पॅसिफिकात विषुववृत्ताच्या जरा वर एक ओसाड बेट सापडलं. नाताळ तिथंच झाला, आणि निघेपर्यंत त्याच्या दोन्ही जहाजांच्या माणसांनी मिळून सुमारे ३०० कासवं धरली. दर्यावर सण हाताशी असेल त्यातूनच करायचा असतो.

आमच्या हाताशी होते वेल्डिंगचे रॉड आणि रद्द झालेले कागदी नकाशे. फिलिपिनो फिटरनं रॉड जोडून पाच टोकांची चांदणी केली. त्याच्या गावी असे पारोल दारोदार लागतात. कागदाचे कोपरे दुमडून चिकटवणं माझ्याकडे आलं, आकाशकंदिलांनी हात तयार होताच. आत दिवा लावला तसे कागदावरचे खोलीचे बारीक आकडे, खडकांच्या फुल्या, कुठल्याशा खाडीचं पिवळं तोंड सगळं उजळून निघालं. मी बघतच राहिलो. चांदणी टांगली ती मागे, पूप डेकवर. पुढं उजेड असला तर ब्रिजवरच्या माणसाला काळोखातलं काही दिसत नाही, आणि समोरच्या बोटीला आपले दिवे ओळखता येत नाहीत.

चीफ कुक गोव्यातल्या साष्टीचा. "चार साब, हात धुवा आणि बसा," म्हणाला. मी चौथा इंजिनीअर, म्हणून चार साब. मैदा, अंडी, नारळाचं दूध. गोळी काट्याच्या पाठीवर चेपायची आणि अंगठ्यानं गुंडाळत आणायची, की कुलकुल. पण त्या उष्म्यात पीठ सैल पडे, रेघा मिटून जात. मग परात भाजीच्या कोल्डरूममध्ये, थोड्या वेळानं पुन्हा टेबलावर. हात चालवताना तो आजोबांबद्दल बोलला. तेही तारवटी, बोटीवरचेच. बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावला गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहायचे. भिंतीकडेला पेट्या, समोर वेदी, संध्याकाळी सगळ्यांची मिळून रोझरी.

मेसरूममध्ये बर्फाच्छादित झाडांचं चित्र होतं. हा सण बर्फाचा आहे असं मला कधी वाटलंच नाही. साष्टीत, वसईत, मनिलात तो उघड्या खिडक्यांनी होतो, आणि बोटीवर तर घामानंच.

रात्री अर्ध्या कापलेल्या पिंपात कोळसे फुलले. आम्हा पोरांना निवांत जेवता यावं म्हणून ड्यूटी बडे साबांनी, म्हणजे चीफ इंजिनीअरनी, मागून घेतली होती. गाणी रंगात आली असताना तेल साफ करणाऱ्या प्युरिफायरचा अलार्म वाजला. आम्ही उठायच्या आत ते जिना उतरलेसुद्धा. तासाभरानं तेलकट हात पुसत वर आले. कुकनं सोरपोतेल झाकून ठेवलंच होतं.

"सील गळत होतं, बदललं," ते म्हणाले. "कुलकुलं उरलीत ना?"