जित्याची खोड

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.' परवा ही म्हण कुणी, कुणाला आणि कशावरून ऐकवली ते राहू द्या. ऐकवणारा ऐकवून मोकळा झाला. मी मात्र तेव्हापासून तिच्या मागे लागले आहे. मेंदूचा अभ्यास करायला लागल्यावर अशी म्हण नुसती कानावरून जाऊ देता येत नाही, कारण तिच्यात एक ठाम दावा आहे. जिवंत मेंदूत एकदा बसलेली गोष्ट पुसली जात नाही, हा तो दावा. आणि मी जे शिकते आहे त्याची सुरुवातच मुळी इथून होते की मेंदू बदलतो, म्हातारपणीही बदलतो, आणि शिकणं म्हणजे तेच.

माझी खोड म्हणजे घोकण्याची. नाशकात अकरावी-बारावी काढलेल्या कुणाला ती समजावून सांगायला नको. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, रविवारी टेस्ट. 'आयएमपी'वर चांदणी, व्याख्या शब्दशः, आकृतीतल्या नावांचा क्रमसुद्धा ठरलेला. त्या काळात पाठ केलेलं एक वाक्य असं होतं की माणसाच्या मेंदूत शंभर अब्ज चेतापेशी असतात. एका मार्काचं वाक्य.

पुढे बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं. बारावीनंतर थेट मेंदूविज्ञानाची पदवी आपल्याकडे सहसा मिळत नाही. कुणी प्राणिशास्त्रातून येतं, कुणी मानसशास्त्रातून, कुणी एमबीबीएस करून. मी आले आणि चेतासंस्थेच्या प्रकरणापाशीच रेंगाळले. तिथे कळलं की तो शंभर अब्जांचा आकडा मुळात कुणी मोजला, याचा शोध ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांनी घेतला, तेव्हा त्यांना त्यामागे कुणाची मोजणीच सापडली नाही. पुस्तक पुस्तकावरून लिहिलं जात होतं. मग त्यांनी मेंदूच्या ऊतीचं द्रावण केलं, ते ढवळून एकजीव केलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली पेशीकेंद्रकं मोजली. २००९ मध्ये आकडा प्रसिद्ध झाला. चार मेंदूंची सरासरी, सुमारे ८६ अब्ज.

हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आता आपण पुस्तकातल्या प्रत्येक वाक्याला 'हे कुणी मोजलं, कसं मोजलं?' असं विचारणार, असं वाटलं. आणि खरंच विचारायला लागले. याच गोष्टीला मी माझी वाढ समजत आले. पण ती म्हण कानावर पडल्यापासून एक शंका सुटत नाही. तोंडी परीक्षेत मी आता '८६ अब्ज' म्हणते, ते अगदी त्याच सुरात, ज्या सुरात पूर्वी 'शंभर' म्हणत होते. आकडा सुधारला. म्हणणारी सुधारली का?

प्रयोगशाळेत पाहिलं तर म्हणीची बाजू सुरुवातीला भक्कम दिसते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण तिचा पुढचा भाग अभ्यासक्रमात घाईने उरकतात. मेट्रोनोमच्या ठोक्याला लाळ गाळायला शिकलेल्या कुत्र्याला नंतर ठोके ऐकवत राहायचे आणि खाणं द्यायचं नाही. लाळ कमी होत होत थांबते. सवय मोडली, असं वाटतं. मग कुत्र्याला थोडा काळ तसंच राहू द्यायचं आणि पुन्हा ठोका ऐकवायचा, की लाळ परत येते. म्हणजे जुनं शिकणं पुसलं गेलेलं नसतं. 'आता या आवाजामागे काही येत नाही' हे नवं शिकणं त्याच्यावर बसलेलं असतं, आणि ते जरा सैल झालं की खालचं वर येतं. भीतीवर काम करणाऱ्यांनी पुढे उंदरांच्या मेंदूतही हेच पाहिलं. भीती निघून जात नाही, कपाळामागचा भाग तिला आवरून धरतो. आमच्या आज्या-पणज्यांनी हे मेट्रोनोमशिवाय ओळखलं होतं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण म्हणीत 'मेल्याशिवाय' असं आहे. मरता मरता वाचलेल्यांचं काय?

याचंही उत्तर पाव्हलॉव्हकडेच आहे, आणि ते मला कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा जास्त दिवस पुरलं आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला नेव्हा नदीचा मोठा पूर आला. पाव्हलॉव्हच्या संस्थेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी वर चढत गेलं आणि नाकं पाण्यावर धरून ती पोहत राहिली. पिंजऱ्यांची दारं खाली होती, त्यामुळे त्यांना वाचवायला आधी पाण्याखाली ओढावं लागलं. वाचलेली कुत्री पुन्हा प्रयोगाला उभी केली तेव्हा त्यांच्यातल्या काहींचं शिकलेलं सगळं गेलेलं होतं. ठोका ऐकू येत होता, लाळ येत नव्हती. एका कुत्र्याचं शिकणं पुढे हळूहळू परत आलं. ते पूर्ण सावरलं असं दिसल्यावर प्रयोगाच्या खोलीत दाराखालून नुसतं थोडं पाणी सोडलं, आवाजही न करता. शिकलेलं पुन्हा गेलं.

तेव्हा म्हण खरी की खोटी? खोड गेली, तीही जीव न जाता. पण गेली म्हणता म्हणता परत आली, आणि पाण्याच्या एका ओघळाने पुन्हा गेली. म्हणजे पुराची आठवण हीसुद्धा एक खोडच झाली, आणि ती आधीच्या खोडीहून चिवट निघाली. इथे मी प्रत्येक वेळी अडकते.

शिवाय पूर म्हटला की नाशिककराचं मन गोदावरीवर जातं. आम्ही तिला गंगाच म्हणतो. 'गंगेला पूर आला' म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला, 'पाणी कुठवर आलं?' आणि त्याचं उत्तर क्युसेकमध्ये कुणी देत नाही. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, अशी मोजणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचे आकडे आता फोनवर येतात, तरी सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वर उचलायचा की नाही ते मारुतीकडे बघून ठरवतात. माझी आजी १९६९ च्या पुराचं सांगते तेव्हाही मारुतीपासून सुरुवात करते. २००८ चा पूर, २०१६ चा, २०१९ चा, सगळे ती त्याच मापाने मोजते आणि एकमेकांशी ताडून पाहते. तिला ते जमतं, कारण मारुती जागचा हललेला नाही.

माझ्या वाढीला असा मारुती कुठे आहे? नदीबरोबर काठही चढत असेल तर पूर कळणार कसा? बारावीतली मी आणि आजची मी यांची तुलना करायला जो मेंदू वापरायचा, तो आजचाच आहे. बारावीतल्या मला काय कळत होतं, हेही आजची मी ठरवणार. आणि आठवण काढताना मेंदू ती दर वेळी थोडी नव्याने रचतो, हेही मी शिकले आहे. मग 'तेव्हा मी नुसती घोकत होते, आता समजून घेते' ही माझी आवडती कथा मी कशाच्या आधारावर सांगते? मार्कांच्या म्हणाल, तर मार्क तेव्हाही चांगलेच होते.

हेन्री मोलेसन हा अमेरिकन माणूस मला इथे आठवतो. त्याच्या फेफऱ्यावर इलाज म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणींशी जोडलेल्या भागाचा, बराच हिस्सा काढला, आणि त्यानंतर नवी आठवण त्याच्याजवळ टिकेना. २००८ मध्ये तो वारला, तोवर शास्त्रीय लेखांत त्याचा उल्लेख केवळ 'एच. एम.' असा होत होता. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. आरशात उजवं-डावं फिरतं, त्यामुळे हात भलतीकडे जातो. रोज तो कागदाकडे नव्याने बघे. हे आपण आधी केलंय, असं त्याला आठवत नसे. पण चुका दिवसेंदिवस कमी होत गेल्या. हात शिकला आणि मालकाला पत्ता लागला नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एच. एम.ची दया आली होती. आता दया येत नाही, धाक वाटतो. शिकलेल्याला शिकल्याचा पत्ता नसू शकतो, तर उलटही घडत असेल. 'आपण शिकलो' याची पक्की जाणीव आहे आणि आत काही हललेलं नाही, असं. या दोहोंतलं माझं कुठलं, हे मला आतून सांगता येणार नाही. एच. एम.लाही आलं नव्हतं. मिल्नरबाई बाहेरून चुका मोजत होत्या म्हणून कळलं.

आणि घोकण्याला मी खोड म्हणते, तेही कितपत बरोबर आहे कोण जाणे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या परिसरात वेदपाठशाळा आहेत. तिथली मुलं वर्षानुवर्षं पाठांतरच करतात. घनपाठ म्हणताना पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं-तिसरं, तिसरं-दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं-तिसरं अशी पदं पुढे-मागे फिरवत नेतात, म्हणजे एक पद जरी सरकलं तरी लगेच उघडं पडतं. जेम्स हार्ट्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं पाठांतर केलेल्या २१ वैदिक पंडितांचे मेंदू एमआरआयमध्ये पाहिले आणि तशाच वयाच्या २१ इतर माणसांशी ताडून पाहिले. भाषा आणि स्मृतीशी जोडलेल्या भागांत पंडितांच्या मेंदूतला करडा भाग दाट होता, बाह्यक काही ठिकाणी जाड होतं, हिप्पोकॅम्पसमध्येही फरक होता. हा निबंध २०१६ चा आहे. तो वाचल्यावर 'नुसतं पाठांतर' हे दोन शब्द माझ्याकडून पूर्वीसारखे सहज निघत नाहीत. मी ज्याला वाढीचा अडथळा म्हणत होते, तिथेच वाढ मोजली गेली होती.

की मोजली गेली नव्हती? पाठशाळेत पाऊल टाकण्याआधी त्या पंडितांचे मेंदू कसे होते, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. मुळातच तसा मेंदू असलेली मुलंच तिथे टिकली असतील, बाकीची गळाली असतील. लंडनच्या टॅक्सीचालकांबद्दल हीच शंका होती. २००० साली एलिनॉर मॅग्वायर यांनी त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा असल्याचं दाखवलं, तेव्हा अनेकांनी विचारलं की आधी काय होतं? मग शिकाऊ चालकांना परीक्षेच्या आधी आणि नंतरही तपासलं गेलं, आणि २०११ मध्ये उत्तर आलं. जे रस्ते पाठ करून परीक्षा उत्तीर्ण झाले त्यांच्यात तो भाग वाढला होता. जे उत्तीर्ण झाले नाहीत त्यांच्यात वाढला नव्हता. हजारो रस्ते पाठ करणं हेही घोकणंच आहे.

म्हणजे खोड जावी असं मला वाटायला हवं की नको, इथेच आता माझी गाडी अडली आहे. सुरुवातीला निदान एवढं तरी नक्की होतं.

पण एक गोष्ट करता येण्यासारखी आहे, आणि ती नाशकातच करता येईल. पाठशाळेत दाखल होणारी मुलं इथे आहेत, क्लासला जाणारी मुलं इथे आहेत, दोन्हीकडे न जाणारीही आहेत. एमआरआयची यंत्रं आहेत. १९९८ पासून राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. मुलांची, पालकांची आणि गुरुजींची संमती घेऊन दाखल होताना एकदा आणि पुढे काही वर्षांनी पुन्हा तपासणी करावी. मेंदूच्या जाडीबरोबर समजही तपासावी, कारण जाडी म्हणजे समज असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. या कामाला वेळ लागेल, पैसा लागेल, आणि पहिली नोंद होण्याआधी मुलं पुढे निघून गेली तर ती परत घेता येणार नाही. ज्यांच्या हातात हे आहे त्या डॉक्टरांनी आणि प्राध्यापकांनी ते मनावर घ्यावं. मोजणीला माणसं लागतील, तेव्हा माझ्यासारखे विद्यार्थी या शहरात पुष्कळ आहेत.