रोलरचे दात

"रोलर गुळगुळीत झाला की ऊस धरत नाही. त्याला दात आणायचेत, चल पोरा," असं म्हणून मिस्त्रींनी वेल्डिंगचा होल्डर माझ्या हातात दिला. पाटसच्या भीमा सहकारी साखर कारखान्यात मी नुकताच लागलो होतो. पहिला हंगाम, तिसरीच रात्रपाळी.

आयटीआयमध्ये आम्ही वेल्डिंग शिकलो ते कोरड्या, स्थिर लोखंडावर. इथं रोलर फिरत होता. मिनिटाला चार-पाच फेरे, सावकाश, पण त्या जोराला तोड नाही. अंगावरून रस ओघळत होता. त्या ओल्या लोखंडावर ठिणगी पाडायची?

"मिस्त्री, मिल बंद नाही करायची?"

"मिल थांबली तर पार गव्हाणीपर्यंत ऊस तुंबंल."

रॉड टेकवला. चट्‌ असा आवाज झाला, रसाची वाफ तोंडावर आली आणि दाताच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका चिकटला. दुसरा नुसताच गळून पडला. माझा हात थरथरत होता. मिस्त्रींनी मागून मनगट धरलं. "बघू नको, ऐक. ऊस धरला की आवाज जड येतो." मला मात्र सगळा एकच गोंगाट वाटत होता. तो जड आवाज ओळखायला मला दोन हंगाम लागले.

टनभर उसातून क्विंटलभर साखर निघते. मागं राहिलेलं चिपाड बॉयलरमध्ये जातं, त्याच वाफेवर कारखाना चालतो. म्हणून शेवटच्या मिलमधून चिपाड ओलं आलं की बॉयलरवाले ओरडत यायचे. ते टाळणं त्या बारक्या ठिपक्यांच्या हाती होतं.

पुढं काही हंगाम बॉयलर पेटलाच नाही. पोलादाचे कारखाने बंद पडून गावं ओस पडल्याचं आपण वाचतो. पाटसला ते दिवस साखरेनं दाखवले. ऊस अडला नाही. तो दुसऱ्या कारखान्यांना गेला, तालुक्यातल्या गुऱ्हाळांना गेला. पण मिलचा आवाज ओळखणारे कान घरी बसले, आणि मला ते नुकसान सगळ्यात मोठं वाटतं.

2022 मध्ये कर्नाटकातल्या निराणी समूहानं कारखाना चालवायला घेतला आणि गाळप पुन्हा सुरू झालं. पाटस-वरवंडकडच्या जुन्या मिलवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे: ओळखीतलं एखादं पोर मिलवर लागलं असेल, तर त्याला जवळ बसवा आणि आपल्याला जे येतं ते शिकवा.