सर्वनामाची जागा

चौदा वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी कथासंग्रहाचा मराठी अनुवाद केला. त्यातल्या एका कथेत एक म्हातारी बाई नवऱ्याचा दफनविधी उरकून घरी येते, हातमोजे काढून टेबलावर ठेवते आणि बहिणीला चारच शब्द सांगते : 'आय सॉ हिम थ्रू.' मी लिहिलं, 'मी त्याला पुरती ओळखून होते.'

पुस्तक आल्यावर आईने ते वाचलं. म्हणाली, "बाकी सगळं छान आहे, पण ती म्हातारी नाही आवडली मला. माणूस गेला त्याच दिवशी असं बोलतं का कुणी?" मी तिला समजावलं, "अगं, त्यांच्याकडे बोलतात. आपल्यासारखं झाकून ठेवत नाहीत." आई गप्प बसली. तुलनात्मक साहित्यात एम. ए. केलेल्या मुलीशी वाद कोण घालणार!

पुढे सहा वर्षांनी बाबांच्या बायपाससाठी आई-बाबा माझ्याकडे बंगळुरूला आले. शस्त्रक्रियेच्या दिवशी बाबांना आत नेलं, तेव्हा दारापाशी उभी असलेली मल्याळी नर्स आईला म्हणाली, "डोन्ट वरी, अम्मा. वुई विल सी हिम थ्रू." आईने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाली?"

'पार नेऊ' हे शब्द ओठांवर आले आणि मी ते गिळले. पार म्हटलं की पैलतीर आला, आणि त्या दारात पैलतीराचं नाव नको होतं. मी म्हणाले, "त्या म्हणाल्या, आम्ही आहोत." आईने मान हलवली आणि बाबांच्या चपलांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली.

तासाभराने, काही सुचत नसताना, मला ती हातमोजेवाली म्हातारी आठवली. तीच क्रिया, तेच सर्वनाम, तोच शेवटचा शब्द. तिने नवऱ्याला ओळखलं-बिळखलं नव्हतं. त्याच्या आजारपणात ती शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहिली होती, एवढंच ती सांगत होती.

मला जे लिहायचं होतं त्याचं मूळ इंग्रजी 'आय सॉ थ्रू हिम' असं असायला हवं होतं. 'हिम' शेवटी आला तर मी त्याचं सोंग ओळखलं. 'हिम' मध्ये आला तर मी त्याला निभावून नेलं. शब्द तेच. सर्वनाम एक घर सरकलं की विश्वासाचा अविश्वास होतो.

इंग्रजीतल्या या जोडक्रियापदांनी परक्यांना फार पूर्वीपासून छळलं आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत स्वच्छ कबूल केलं होतं की क्रियापदाला असा लहानसा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची सवय परदेशी माणसाला सगळ्यात अवघड जाते. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच नंतरचं; लोगन पिअरसॉल स्मिथने 1925च्या आपल्या पुस्तकात ते वापरलं.

शाळेत आम्ही या जोड्या पाठ केल्या : गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. त्यांच्यामध्ये कोण बसतं हे कुणी शिकवलं नाही. नाम असेल तर दोन्ही चालतं, 'पुट ऑन युअर शूज' किंवा 'पुट युअर शूज ऑन'. सर्वनाम असेल तर मात्र 'पुट देम ऑन' एवढंच. 'पुट ऑन देम' म्हटलं की इंग्रज कान टवकारतो. कारण साधं आहे. इंग्रजी वाक्य आपला जोर शेवटासाठी राखून ठेवतं. 'देम' कोण हे आधीच माहीत आहे, म्हणून ते मधे हळूच उरकायचं आणि जोर 'ऑन'वर द्यायचा. 'लुक आफ्टर हर'मधला 'आफ्टर' मात्र शब्दयोगी आहे, म्हणून तिथे सर्वनाम त्याच्या मागेच उभं राहतं. 'टर्न इट ऑन' म्हणजे दिवा लावणं, 'टर्न ऑन हिम' म्हणजे त्याच्यावर उलटणं.

क्रियापदाच्या पाठीला दुसरा शब्द लावण्याचं आपल्याला नवल नाही. आपण 'खाऊन टाक' म्हणतो आणि त्यात काही टाकायचं नसतं. बंगालीत त्या जागी 'फेला' येतं, हिंदीत 'डालना', तमिळमध्ये 'विडु'. फेकणं, घालणं, सोडणं हे मूळ अर्थ विसरून ही क्रियापदं काम पुरं झाल्याचं सांगतात. कॉलिन मॅसिकाने 1976मध्ये दक्षिण आशियातल्या भाषांची समान लक्षणं तपासली, त्यात हेही होतं. पण आपल्याकडे ही दोन क्रियापदं सहसा एकमेकांना चिकटून चालतात. इंग्रजीत त्यांच्यामध्ये माणूस बसतो.

शिवाय 'त्याला' हा शब्द मराठीत कुठेही ठेवा. 'मी त्याला पुस्तक दिलं', 'पुस्तक दिलं मी त्याला'. भर बदलतो, नातं बदलत नाही, कारण नातं प्रत्ययात आहे. जागेत अर्थ शोधायची सवय माझ्या डोळ्यांना नव्हती. मी तीन शब्दांचे अर्थ घेतले, 'थ्रू'ला 'आरपार' मिळालं, आणि बाईला कडवट करून मोकळी झाले.

चूक कुणाच्याही हातून होते. मला लागलं ते तिचं समर्थन. वाक्य खटकलं होतं ते इंग्रजी न येणाऱ्या आईला, आणि मी माझं व्याकरणाचं अज्ञान 'त्यांच्या संस्कृती'च्या खात्यावर मांडलं. परका माणूस विचित्र वागला की आपल्याला आश्चर्य वाटत नाही, म्हणून अनुवादातल्या चुका तिथे सुखाने लपून राहतात. आता एखादं पात्र फारच परकं वाटलं की मी आधी त्याची सर्वनामं तपासते.

बाबा त्या वेळी बरे होऊन घरी गेले. मागच्या वर्षी मी गावी गेले असताना आई त्यांच्या गोळ्या डबीत भरत होती, सकाळच्या एका कप्प्यात, रात्रीच्या दुसऱ्या. मी तिला म्हातारीची खरी गोष्ट सांगितली. 'साथ दिली', 'सोबत केली', 'निभावून नेलं', माझे सगळे पर्याय ऐकवले. तिला एकही पटला नाही.

"ती असं कशाला बोलेल?" आई म्हणाली. "त्याचं शेवटपर्यंत केलं मी, असं म्हणेल."

'त्याला' नव्हे, 'त्याचं'. इंग्रजीने जे सर्वनामाची जागा बदलून साधलं, ते आईने विभक्ती बदलून साधलं, आणि क्रियापद घेतलं ते सगळ्यात साधं.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. माझ्या प्रतीत मी ते वाक्य पेन्सिलने बदललं आहे. बाकीच्या प्रतींमध्ये ती बाई अजून हातमोजे काढते आणि नवऱ्याबद्दल वाईट बोलते.