चार डब्या की एक पेटी?

गेल्या जानेवारीत माझ्या हातून लेकाची एक लाडकी वस्तू जळाली. वस्तू तळहाताएवढी, पण तिच्यापायी आमच्या बिबवेवाडीच्या घरात आठवडाभर जी चर्चा चालली, ती थेट परिग्रहापर्यंत जाऊन पोचली. म्हणून मैत्रिणींनो, आज स्वयंपाकघर बाजूला ठेवून गिटारविषयी लिहितेय.

लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. या गिटारचा स्वतःचा आवाज अगदी किरकोळ. तारांखालचे पिकअप तारेच्या कंपनाचा बारीकसा विद्युत सिग्नल तयार करतात आणि तो वायरमधून अँप्लिफायरकडे जातो. त्या वाटेत हे पेडल नावाचे धातूचे डबे बसवायचे. एक आवाज खरखरीत करतो, एक थरथरता करतो, एक प्रतिध्वनी देतो. दोन्ही हात गिटारवर असतात, म्हणून बटण पायानं दाबायचं. त्याच्याकडे असे चार डबे होते: सूर जुळवायचा ट्यूनर, केशरी रंगाचा डिस्टॉर्शन, कोरस आणि हिरवा डिले. त्यांचा क्रमही ठरलेला. डिलेनंतर डिस्टॉर्शन लावला, तर प्रतिध्वनीसुद्धा खरखरीत होऊन सगळा गिचका होतो. मला हे लगेच पटलं. फोडणीत मोहरी तडतडायच्या आधी हळद टाकली की काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहेच.

तर झालं असं. फिरोदिया करंडकाच्या तालमी सुरू होत्या आणि प्रयोग पंधरा दिवसांवर आला होता. लेकाचा अडॅप्टर तालमीत कुठंतरी राहिला. तो वैतागलेला बघून मी ड्रॉवरमधून जुन्या राउटरचा अडॅप्टर काढला, पिन बरोबर बसली आणि मी स्विच चालू केला. बारीकसा वास आला आणि हिरव्या डब्याचा दिवा गेला तो गेलाच. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग ऋण असावा लागतो. माझा अडॅप्टर १२ व्होल्टचा, मधे धन. अडॅप्टरच्या लेबलवर हे छोट्या चित्रात दाखवलेलं असतं, पण मी कधी वाचलंच नव्हतं. तो डबा लेकानं शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशांतून घेतला होता. तो मला एका शब्दानंही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्याला डबा दाखवला. आतली चिप गेली होती, नवी मिळणार नव्हती. मी म्हटलं, "मी भरून देते." तेव्हा प्रश्न आला, नेमकं काय भरून द्यायचं? नुसता डिले घ्यायचा, की चारही डबे विकून एक मल्टी-इफेक्ट घ्यायचा? मल्टी-इफेक्ट म्हणजे एकाच पेटीत डिजिटल पद्धतीनं तयार केलेले सगळे परिणाम.

मी पेटीच्या बाजूची. हिशेबच मांडला. एका नामवंत पेडलच्या दीड-दोनपट पैशांत लहानशी पेटी मिळते. सुट्ट्या डब्यांना जोडायच्या छोट्या वायरी लागतात, बसवायला फळी लागते, शिवाय चांगला वीजपुरवठा लागतो. एकाच अडॅप्टरवर डिजिटल आणि साधे डबे एकत्र जोडले, तर बारीक किणकिण ऐकू येते. ती टाळायची तर प्रत्येक डब्याला वेगळी वीज देणारं यंत्र हवं, आणि ते एखाद्या पेडलपेक्षाही महाग पडू शकतं. वर मी ठेवणीतला मुद्दा काढला, "एक वस्तू म्हणजे परिग्रह कमी."

लेक म्हणाला, "आई, त्या पेटीत दोनशे आवाज आहेत. दोनशे म्हणजे चारपेक्षा कमी का?"

मला उत्तर सुचलं नाही. हे वर्तमानपत्रामागून हसले, तेवढं ऐकू आलं.

रविवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. लेकानं स्वतःची गिटार नेली होती. ओळखीच्या गिटारवरच फरक कळतो म्हणे. दुकानदार म्हणाला, "काकू, हीच घ्या, हिच्यात सगळं आहे." पेटी जोडल्यावर लेक वीस मिनिटं आवाज बदलत बसला. प्रत्येक आवाजावर दोन सूर वाजवायचे आणि पुढं जायचं. एकही गाणं पुरं वाजवलं नाही. मग साध्या डिलेला जोडलं. तीन बटणं फिरवली आणि तो डोळे मिटून पाच मिनिटं वाजवत राहिला. आपला पोरगा कुठल्या वस्तूपाशी रमतो, ते आईला कळतं. माझा हिशेब तिथंच डळमळला.

पण पेटीचे गुणही खरे होते. फिरोदियाच्या प्रयोगात प्रसंग झटकन बदलतात. डब्यांवर अशा वेळी एक बंद, दोन चालू अशी पायांची कसरत करावी लागते. पेटीत ती सगळी जुळणी आधी साठवून एका दाबात बदलता येते. अँप्लिफायर आणि स्पीकरची नक्कलही आतच असल्यानं थेट सभागृहाच्या यंत्रणेला जोडता येतं. रात्री हेडफोन लावून सराव करता येतो, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींचा विचार करता हे महत्त्वाचं होतं. उलट बाजूनं, डबा सहसा जुना होत नाही. बॉसचा केशरी डीएस-१ हा १९७८ साली आला आणि आजही विकला जातो. लाइन सिक्सची हेलिक्स ही नावाजलेली पेटी मात्र २०१५ साली आली आणि दहा वर्षांत तिची नवी पिढी बाजारात आली.

घरी येऊन मी पुन्हा त्या दोनशेच्या प्रश्नाकडे वळले. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येवरून नव्हे, तर त्यांच्यावर जडलेल्या आसक्तीवरून सांगितली आहे. हे मी कितीदा ऐकलंय. तरी डबे मोजताना मला ते आठवलं नाही, आणि धर्माचं नाव मी माझ्या हिशेबाला लावलं. मी लेकाला तसं सांगितलं आणि कॅलेंडरचं जुनं पान पुढं केलं, "तुला प्रयोगात खरोखर लागणारे आवाज लिही." त्यानं बराच विचार केला आणि चार लिहिले.

मग निर्णय सोपा झाला. एक छोटी वापरलेली पेटी घ्यायची आणि तिच्याआधी जुना केशरी डबा तसाच ठेवायचा, कारण त्याच्या खरखरीवर लेकाचा जीव आहे. ट्यूनर पेटीत असतोच, म्हणून ट्यूनर आणि कोरस विकले. डिलेची किंमत मी दिली, उरलेले पैसे त्यानं घातले. दुकानातून आलेले तयार आवाज त्यानं बाजूला सारले आणि आपले चार साठवले. महाविद्यालयात अँप्लिफायरला जोडल्यावर पहिल्या दिवशी आवाज घोंगडीखालून आल्यासारखा आला. पेटीतली स्पीकरची नक्कल चालूच राहिली होती. ती बंद केल्यावर आवाज मोकळा झाला.

प्रयोगाच्या दिवशी मी मागच्या रांगेत होते. अंधार झाला, उजेड आला आणि गिटारचा आवाज बदललेला होता. त्यानं पाय कधी दाबला, ते मला दिसलंही नाही.

तुमच्या घरात असा प्रश्न आला, तर मुलांना आधी यादी करायला सांगा. कुठं वाजवणार, अँप्लिफायर आहे का, रात्री सराव करायचाय का आणि कोणते आवाज खरोखर लागतात. दुकानात जायचं ते त्यानंतर.

मी मात्र घरातले सगळे अडॅप्टर काढून बसले. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली: कशाचा, किती व्होल्ट, मधे धन की ऋण. अकरा निघाले. त्यांतल्या सहांची यंत्रं घरातून केव्हाच गेलेली होती, आणि अडॅप्टर मी कधीतरी लागतील म्हणून जपून ठेवले होते.